नुसतं डाळीचं पाणी की घट्ट वरण? साडेसहा महिन्यांच्या बाळाला डाळी-कडधान्यं

खानापूरची_सून
रात्री ११:४८

नमस्कार मंडळी. बाहेर धो धो पाऊस, लाइट संध्याकाळपासून नाही, मोबाइलमध्ये १९ टक्के चार्जिंग. तरी लिहायला बसलेय, कारण उद्या दुपारी परत तेच होणार.

लेक साडेसहा महिन्यांची. उष्टावण झालं, मामाने मांडीवर घेऊन खीर चाटवली, सगळं रीतसर. तेव्हापासून सासूबाई रोज मुगाची डाळ शिजवतात, वर आलेलं पिवळं पाणी वाटीत निथळून घेतात आणि तेवढंच तिला पाजतात. खाली राहिलेली डाळ आमच्या आमटीत. म्हणजे डाळ आम्ही खातोय आणि डाळीचा वास लेकीला. (हे तोंडावर बोलले नाही, इथंच बोलतेय.)

परवा आशाताईंनी वजन केलं. पाच महिने झाले तेव्हा ६ किलो ६०० ग्रॅम होतं, आता ६ किलो ७००. तायी कार्डावरची (इथलं आई-बाळाच्या तपासणीचं सरकारी कार्ड) वजनाची रेघ वर चढत होती, ती आडवी झाली. कार्ड सगळं कानडीत आहे, पण आडवी रेघ कळायला भाषा लागत नाही.

सासूबाईंचं म्हणणं, "दात नाहीत तिला, घट्ट डाळ जड पडतंय, पोट फुगतंय." नवरा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत शिफ्टला, तो दोघींच्या मध्ये पडत नाही. मला विचारायचंय ते असं: घट्ट डाळ आत्ताच द्यावी का? तूर, मसूर, कुळीथ, चवळी कधी? आणि गॅसचं काय?

दोन_पिल्लांची_आई
रात्री ११:५९

थोरल्याच्या वेळी मीही दीड महिना पाणीच पाजलं होतं. धाकटीच्या वेळी शहाणी झाले. एक करून बघा, चमचाभर डाळ घेऊन चमचा तिरका करा. धार लागली तर ते बाळाचं जेवण नव्हे. चमच्याला धरून राहिली, सावकाश घसरली, तर बरोबर.

दात नसले तरी हिरड्या बळकट असतात. माझी धाकटी बिनदाताची माझं बोट चावून लाल करायची.

वडगावची_आज्जी
सकाळी ६:१२

बाई, आमी चार पोरं ह्या पाण्यावरच वाढवलाव. एकटा मिलिटरीत आहे, एकटी मास्तरीण आहे. आताच्या पोरींना सगळंच मोबाइलात विचारायचं असतंय. सासू काय वाईट सांगत नाही बग.

निपाणीकर_बाबा
सकाळी ७:३०

आज्जी, नमस्कार. पण त्या पोरीचं वजन वाढंना झालंय हो, ते बघा की आधी.

वॉर्डातली_सिस्टर
सकाळी ९:०५

नाईट संपवून लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. मी डॉक्टर नाही, लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे.

ताई, पहिली गोष्ट. दीड महिन्यात शंभरच ग्रॅम वाढलं असेल तर बाळाला डॉक्टरांना दाखवा. कारण जेवण हेच असेल असं नाही, लघवीतला जंतुसंसर्गसुद्धा असा गुपचूप वजन अडवतो. डाळ सुरू करा, पण डाळीवर विसंबून दाखवायचं राहू देऊ नका.

आता पाण्याचं. बाळाच्या पोटात किलोमागे साधारण ३० मिली मावतं. तुमच्या लेकीचा हिशेब करा, २०० मिली, म्हणजे एक वाटी. आईच्या दुधाशिवाय या वयात वरच्या खाण्यातून दिवसाला सुमारे २०० कॅलरी मिळायला हव्यात. त्या एवढ्याशा पोटात तुम्ही पिवळं पाणी भरलंत की पोट तट्ट होतं, बाळ गप्प बसतं, घरच्यांना वाटतं जेवली. आणि त्या नादात अंगावरचं दूधही कमी ओढते. दूध तर या वयात मुख्य जेवण आहे, ते दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवायचं. पाण्यात डाळीतलं थोडंफार उतरतं, नाही असं नाही, पण प्रथिनं आणि लोह बहुतेक खाली बसलेल्या गाळातच राहतं. तुमची आमटी पौष्टिक होतेय, एवढंच.

लोहाचं वेगळं सांगते, कारण आमच्याकडे फिकट पडलेली बाळंच जास्त येतात. जन्मताना आईकडून आणलेला साठा सहाव्या महिन्याच्या आसपास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह थोडंच असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांपैकी ६७ टक्क्यांच्या अंगात रक्त कमी निघालं. डाळीतलं लोह शरीर सहजी घेत नाही, पण आंबट बरोबर असलं की घेतं. म्हणून वरण-भातावर लिंबू पिळायची आपली पद्धत एकदम बरोबर आहे, बाळालाही दोन थेंब चालतात. आणि चहा! बशीत टोस्ट बुडवून सहा महिन्यांच्या बाळाला चोखायला देणारी घरं मी बघितलीत. चहा लोह अडवतो, तो अजिबात नको. आशाताईंकडे लोहाचं सिरप मिळतं, सहा महिन्यांनंतर १ मिली, आठवड्यातून दोनदा. ते घेतलं नसेल तर विचारा.

कसं करायचं: दोन चमचे तांदूळ, एक चमचा बिनसालीची मूगडाळ, अर्धा तास भिजवा, भिजवलेलं पाणी टाका, चिमूट हळद, जिरं, नखाएवढा हिंग, कुकरच्या डब्यात पाच-सहा शिट्ट्या. मग मिक्सर नको, पुरणयंत्राच्या बारीक चाळणीतून काढा. अर्धा चमचा तूप. मीठ-साखर वर्षाच्या आत नाही. सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा. हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत न्या. तोंड फिरवलं की थांबायचं, नाक दाबून घालायचं नाही.

भात आणि डाळ एकत्र का, तर तांदळात जे प्रथिन कमी पडतं ते डाळीत असतं आणि डाळीत कमी पडतं ते तांदळात. आपल्या आज्यांनी खिचडी उगाच शोधलेली नाही.

आणि उष्टावणाच्या वेळी सोन्याच्या अंगठीने मध चाटवतात, तो वर्षाच्या आत नको. त्यातल्या जंतूंचे बीजाणू बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करू शकतात.

मुंबईत_बेळगावकर
सकाळी १०:४०

छान लिहिलंय सिस्टर. एक भर घालतो. राजमा कुणी देणार असेल तर जपून. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, मोठ्या माणसालाही चार-पाच दाण्यांनी उलट्या होतात. किमान पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात खळखळून उकळवायचा, मग मऊ शिजवायचा. कुकर उत्तम. मंद आचेवर तासन्‌तास ठेवणारी इलेक्ट्रिक भांडी हल्ली आलीत, त्यात थेट टाकू नये, तेवढ्या उष्णतेत विष जात नाही.

दोन_पिल्लांची_आई
सकाळी १०:५२

इथं साडेसहा महिन्यांच्या पोरीला कोण राजमा घालतंय दादा :) खानापुरात राजमा म्हणजे लग्नातली पंजाबी भाजी.

मुंबईत_बेळगावकर
सकाळी ११:०३

वाघ्या घेवडा खाता ना? तोही राजम्याच्याच जातीचा.

दोन_पिल्लांची_आई
सकाळी ११:०५

बरं, ते ठाऊक नव्हतं. शब्द मागे.

येळ्ळूर_शिवार
दुपारी १:२०

आमच्याकडे भात काढला की त्याच शिवारात मसूर पेरतात. बारीक गावठी मसूर, चवीला मोठ्या मसुरापेक्षा सरस. माझ्या दोन्ही पोरांना मूगडाळीनंतर दुसरी मसूरडाळच दिली. साल काढलेली केशरी डाळ, भिजवली तर पंधरा मिनिटांत मेण होते. सबंध सालीचा मसूर मात्र थोरला नऊ महिन्यांचा झाल्यावर, तोही चाळून.

मला सांगायचंय ते पाण्याचं. आमच्या बोअरचं पाणी जड, डाळ कितीही शिजवा दाणा दाणाच राहतो. बायको कुकरमध्ये चिमूटभर सोडा टाकायची, शेजारणीनं शिकवलेलं. डॉक्टर म्हणाले बाळाच्या डाळीत सोडा नको, त्यात मिठासारखंच सोडियम असतं आणि डाळीतलं ब जीवनसत्त्वही मरतं. तेव्हापासून बाळाची डाळ तेवढी नळाच्या पाण्यात. पाणी आठ दिवसांतून एकदा येतं, पण बाळाच्या डाळीला लागतंय किती, तांब्याभर.

काकती_रोड
दुपारी २:०८

शेंगदाण्याचं कूट चालेल का? आमच्यात प्रत्येक भाजीत कूट असतंय. शेंगा म्हणजे कडधान्यच की.

मुंबईत_बेळगावकर
दुपारी २:३०

हो, शेंगदाणा डाळींच्याच कुळातला. पूर्वी डॉक्टर तो लांबवायला सांगायचे. २०१५ साली इंग्लंडमधल्या एका मोठ्या अभ्यासात उलटं दिसलं. ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच नियमित शेंगदाणा दिला, तर पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी होण्याचं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी घटलं. पण दाणा नव्हे, कूटही नव्हे. कूट कोरडं असतं, घशात चिकटतं. भाजून अगदी लोण्यासारखं वाटायचं आणि खिचडीत पातळ करून घालायचं.

वॉर्डातली_सिस्टर
दुपारी ४:१५

झोपून उठले. वरच्याला पुस्ती: ज्या बाळाच्या अंगावर खूप इसब आहे किंवा अंड्याची ॲलर्जी निघालीय, त्यांनी शेंगदाणा घरी सुरू करू नये, आधी डॉक्टरांना विचारावं. आणि खवट, बुरशीचा वास येणारे दाणे फेकून द्या, पावसाळ्यात डबा उघडून हुंगून बघत जा.

कुठलीही नवी डाळ सकाळी द्या, रात्री नको. एका वेळी एकच नवी, मग तीन दिवस तीच. अंगावर गांध्या उठल्या, ओठ-डोळे सुजले, खाल्ल्या खाल्ल्या उलट्या सुरू झाल्या तर ती डाळ बंद आणि दवाखाना. धाप लागली, आवाज बसला, बाळ गळून गेलं तर १०८. आपल्याकडे हरभरा आणि मसुराची ॲलर्जीही दिसते, फक्त शेंगदाण्यावर डोळा ठेवू नका.

क्रम विचारला होता. मूगडाळ, मसूरडाळ, तूरडाळ. आठव्या महिन्यापासून मोड आलेले मूग, मटकी, चवळी, पण शिजवून, बोटांनी चिरडून, साल वाटलं तर काढून. कच्चे मोड बाळाला कधीच नाहीत, ओलसर उबेत जंतूही मोडाबरोबर वाढतात. हरभरा, पावटा, कुळीथ त्यानंतर. हा क्रम शास्त्राने घालून दिलेला नाही, पचायला आणि शिजवायला सोपं ते आधी, एवढंच. कुळीथ ‘उष्ण’ म्हणून भांडू नका, पातळ पिठी नीट शिजवून दहाव्या महिन्यात द्या.

आणि नऊ महिन्यांच्या पुढे सगळं चाळत बसू नका. थोडी गुठळी लागू दे जिभेला. वर्षाचं होईपर्यंत लापशीसारखंच गुळगुळीत खाल्लेली मुलं पुढे पोळीचा तुकडा बघून ओकतात.

निपाणीकर_बाबा
रात्री ९:४४

गुठळीवरून आठवलं, लिहू की नको असा विचार करत होतो.

गेल्या वर्षी आम्ही जत्रेहून आलो. चिरमुरे-फुटाण्याची पिशवी पलंगावर. माझा पुतण्या अकरा महिन्यांचा, रांगत आला, मूठ भरली. आम्ही सगळे तिथंच, टीव्ही चालू. रडण्याचा आवाज नाही, खोकला नाही. वहिनीनंच वर बघितलं, तर पोराचं तोंड उघडं, ओठ जांभळे, हात हवेत, आणि आवाज काहीच नाही. ती शांतता अजून कानात आहे.

माझे वडील बोट घालून काढायला धावले. वहिनीनं त्यांना ढकललं, खरंच ढकललं. ती बालवाडीच्या प्रशिक्षणात शिकली होती. पोराला मांडीवरून हातावर पालथं घेतलं, डोकं खाली, जबडा धरून, आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेनं हाणलं. चौथ्या थपडेला अर्धा फुटाणा फरशीवर पडला. मग जे रडलं ते, आयुष्यात एवढं गोड रडणं ऐकलं नाही.

दवाखान्यात नेलं तरी, राहिलेला तुकडा आत गेला असेल म्हणून. नव्हता.

त्या दिवसापासून आमच्या घरात फुटाणे, भाजके दाणे, सुके वाटाणे वरच्या फळीवर. पोरं पाच वर्षांची होईपर्यंत सबंध दाणा नाही.

वॉर्डातली_सिस्टर
रात्री १०:१०

दादा, बरं केलंत लिहिलंत. वहिनींनी केलं ते अगदी बरोबर. वर्षाच्या आतल्या बाळाला पाठीवर पाच थपडा, नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब, परत पाठ. दिसत नसलेल्या वस्तूसाठी बोट घालायचं नाही, ती आणखी आत सरकते. मोठ्यांचं पोट दाबतात तसं बाळाचं दाबायचं नाही. कुणीतरी तेवढ्यात १०८ ला फोन.

आणि खानापूरच्या ताई, घाबरू नका. घट्ट खाताना बाळ ‘ऑक’ करतं, डोळ्यांत पाणी येतं, जीभ बाहेर काढतं. त्यात आवाज असतो, खोकला असतो, ते घास आपोआप पुढे ढकलतं. ते शिकणं चाललेलं असतं. भीती बिनआवाजाची. म्हणून बाळाला बसवूनच भरवा, आडवं घेऊन नाही, आणि खाताना जवळून उठू नका.

वडगावची_आज्जी
दुसऱ्या दिवशी, सकाळी ६:३०

काल माझं लिहिलेलं परत वाचलं. रात्रभर आठवत होते, आमी काय नुसतं पाणीच पाजत होताव काय. पाणी पाजत होताव, खरं आहे. पण जेवाय बसलाव की पोर मांडीवर असायचं. माझ्या ताटातला वरण-भात बोटांनी मळून मळून लोण्यासारखा करायचा आणि चिमटीनं घालायचा. हे जेवणाच्या मध्ये चालायचं, त्याला कोण बाळाचं जेवण म्हणत नव्हतं. म्हणून ध्यानात राहिलं नाही. पाणी वाटीत असायचं म्हणून ते ध्यानात राहिलं.

आता तुमी वेगळं शिजवताव, वेगळी वाटी, वेगळा चमचा. मांडीवरचा घास गेला आणि पाणी तेवढं राहिलं बग. सासूला असं सांग. तिनं पण तुझ्या नवऱ्याला तसंच भरवलं असणार, विचार तिला.

आणि मेतकूट बिनामिरचीचं, बिनामिठाचं केलीस तर मऊ भातावर घाल, आठव्या महिन्यात.

काकती_रोड
सकाळी ८:००

आज्जी __/\__

पाळण्याची_दोरी
सकाळी ११:१५

तांदूळ-मूगडाळ भाजून दळून डब्यात भरलेलं पीठ चालतं का? ऑफिसला जाते, रोज कुकर जमत नाही.

येळ्ळूर_शिवार
सकाळी ११:४०

चालतं की. तीन वाट्या तांदूळ, एक वाटी डाळ, धुऊन सावलीत खडखडीत वाळवून, वेगवेगळं मंद भाजून दळायचं. पण आत्ता जुलैत खानापूर-जांबोटीकडे कोण पीठ वाळवणार, भिंतीला पाणी सुटतंय. पंधरा दिवसांपुरतंच करा, कोरड्या काचेच्या बरणीत ठेवा आणि चमचा कोरडा वापरा. शिजवलेलं मात्र दोन तासांवर बाहेर ठेवू नका, सकाळचं संध्याकाळी नाहीच.

खानापूरची_सून
तीन आठवड्यांनी, रात्री १०:२०

सगळ्यांना हिशेब द्यायचा होता, पावसात नेटवर्कच नव्हतं.

डॉक्टरांना दाखवलं, लघवी तपासली, काही निघालं नाही. त्यांनीही तेच सांगितलं, पाणी बंद, घट्ट सुरू.

सासूबाईंशी भांडले नाही. आज्जींनी सांगितलेलं विचारलं, "तुमी ह्यांना कसं भरवत होता?" त्या चुलीकडे बघत बसल्या थोडा वेळ. मग म्हणाल्या, "मांडीवर घेऊन. तुझा सासरा रागवायचा, ताट उष्टं करतंय म्हणून." दुसऱ्या दिवशी त्यांनीच माळ्यावरून पुरणयंत्र काढलं. बारीक चाळणी सापडेना, ती शेजारी गेलेली दिवाळीपासून, ती मागून आणली.

पहिले दोन दिवस तिने सगळं जिभेने बाहेर ढकललं. सासूबाई म्हणाल्या, "बगितलंस?" मी गप्प. तिसऱ्या दिवशी तीन चमचे. आता सकाळी मूग-भात, संध्याकाळी मसूर-भात, तूप, लिंबाचे दोन थेंब. तूरही सुरू केली, गॅस झाला नाही, शी थोडी पिवळी आणि घट्ट, बस्स. वजन ६ किलो ९८०. रेघ थोडीशी वर वळलीय, फार नाही, पण वळलीय.

आज मात्र घोटाळा झाला. तिने वाटीला हात मारला आणि हळदीची सगळी डाळ सासूबाईंच्या नव्या इरकलीवर. त्या पदर झटकत म्हणाल्या, "पाणी असतं तर एवढा डाग पडला नसता."

वडगावची_आज्जी
सकाळी ६:०५

हळदीचा डाग साबणानं घासू नको, आणखी लाल होतोय. नुसता धुऊन उन्हात घाल, आपोआप उडतोय. ऊन पडलं की घाल.